पोकळीत बँड कुणी वाजवला?

सन दोन हजार पंचवीस, माझं वय चौऱ्याहत्तर. ह्या वयात मेलेल्या माणसाशी भांडू नये म्हणतात. म्हणणाऱ्याचं काय जातंय? दत्तू, तुझ्याशी मी तीस वर्षं भांडलो आणि एकदाही माघार घेतली नाही. आता तुला उलट बोलता येत नाही म्हणून मी गप्प बसेन असं वाटत असेल, तर ते डोक्यातून काढून टाक.

तुझ्या दारात तो पांढऱ्या कपड्यातला पुढारी माइक धरून काय म्हणाला, ऐकलंस का? ‘संगीत क्षेत्राची कधीही न भरून येणारी हानी.’ त्याच्या पोराच्या लग्नात डीजे होता. भिंतींचे पोपडे पडले त्या आवाजानं. आपल्या बँडला त्यानं दारात उभं केलं नव्हतं. आणि आता हानी मोजतोय. तुझं नाव पण चुकवलं त्यानं. मी मागून ओरडलो तेव्हा दुरुस्त केलं.

इथल्या साप्ताहिकाचा माणूस म्हणाला, “मास्तर, तुमी बँडचं मालक, तुमीच लिवा दोन पानं.” जन्म, गाव, पलटणीतली नोकरी हे सगळं पायजे म्हणाला. ते कुणीही लिहील. मी चौथी शिकलेला माणूस, मला जे माहीत आहे तेच लिहिणार. आणि मला माहीत आहे ते हे, की युफोनियम, म्हणजे पोटाशी धरायचा तो मोठा पितळी हॉर्न, तुझ्यासारखा चांगला वाजवणारा अख्ख्या तासगावात झाला नाही, आणि तुझ्यासारखी भिकार आवडनिवड असलेला माणूसही झाला नाही.

तू माणदेशातला. मेंढरामागं फिरणाऱ्या घरातला, पलटणीच्या बँडात शिरलास, हॉर्न शिकलास, पेन्शन घेऊन सासुरवाडीत येऊन राहिलास. माझ्या बँडात पहिल्या दिवशी आलास तेव्हा म्हणालास, “नोटेशन कुठाय?” सगळी पोटं धरून हसली. नोटेशन! माझ्या बापानं मला क्लॅरोनेट शिकवला तो कानानं आणि पायताणानं. चूक झाली की पाठीत बसायचं. त्याला कागद लागत नाही.

पण ते सुद्धा मी चालवून घेतलं असतं. तुझं खरं वेड निराळं होतं. आपल्या बँडच्या गाळ्यासमोर खुर्ची टाकायची, मोबाइलला तो स्पीकरचा डबा जोडायचा आणि परग्रहावरच्या इंग्रजी सिनेमांचं संगीत लावायचं. गाणी नाहीत, शब्द नाहीत, नुसतं पार्श्वसंगीत. समोरच्या बेदाण्याच्या व्यापाऱ्याची गिऱ्हाइकं वळून बघायची, कोण मेलं म्हणून.

“मास्तर, आयका. आधी एकच हॉर्न. आता बगा खालनं व्हायोलिनं येत्यात. साठ-सत्तर हायती.”

“साठ-सत्तर?”

“सगळी मिळून शंभर माणसं.”

“शंभर माणसं लागत्यात एक रडू काडायला? मी एका क्लॅरोनेटवर नवरी रडवतो, तिची आई रडवतो, आचारी रडवतो.”

“आचारी कांद्यानं रडतोय,” तू म्हणायचास.

माझा मुद्दा तुला कधी खोडता आला नाही, तो पुन्हा सांगतो. तूच मला सांगितलं होतंस की वर चांदण्यात हवा नसते, आणि हवा नसली की आवाज जात नाही. एक माणूस दुसऱ्याच्या कानाशी ओरडला तरी ऐकू येत नाही. बरं. मग तिथं ते यान चाललंय, मागं ग्रह फिरतोय, आणि शंभर जणांचा बँड वाजतोय. कुणी वाजवला? कुठं बसून वाजवला? वारा नाही तर क्लॅरोनेट फुंकणार कशानं?

तू म्हणालास, “त्यो तितं वाजत न्हाई, मास्तर. तितं काय न्हाई म्हणूनच वाजतोय. माती न्हाई, झाड न्हाई, माणूस न्हाई. कायतरी भरायला नको व्हय?”

लष्करात असली वाक्यं रेशनवर मिळत असतील. मी तंबाखू थुंकलो आणि आत गेलो. उत्तर नाहीच ते.

सात वर्षांमागं तू मला सांगलीला नेलंस. द्राक्षाच्या औषधाचं प्रदर्शन आहे म्हणालास, आणि थेटरात घातलंस, लबाडा. तिथं आत जाड अंधार आणि माघातला गारठा. सिनेमा हिंदीत केलेला होता, तरी मला कळायला फार वेळ लागला नाही, कारण कळण्यासारखं काही नव्हतंच. डोक्यात काचेचा हंडा घातलेली माणसं एका लोखंडी जहाजात बसून दुसऱ्या पृथ्वीकडं चाललेली. रस्ता एवढा लांब की निघालेले वाटेतच म्हातारे होणार आणि त्यांची पोरं पोचणार. कुणी सांगितलंय एवढं लांब जायला? आमच्यातली माणसं मुंबईला गेली तर परत येत नाहीत.

तर त्यात एक म्हातारा असतो, इंजिनाला तेलपाणी करणारा. तो मरतो. आता त्याला पुरायला माती नाही, जाळायला लाकूड नाही, राख सोडायला नदी नाही. मग ते त्याला एका पेटीत घालतात, जहाजाचं दार उघडतात आणि ढकलून देतात. बाकीची सगळी काचेला नाक लावून उभी. पेटी लहान लहान होत जाते.

आणि तुझा तो हॉर्न सुरू झाला. एकटाच. चाल साधी होती, अंगाईसारखी. मग खालून बाकीचे आले, तू सांगायचास तसे, एकेक करून, जसं बाईच्या मागं बाया दारात येऊन उभ्या राहतात. आवाज वाढला, वाढला, आणि मधेच हॉर्न थांबला. चाल अर्धी. बाकीच्या शंभरांनी नुसता एक सूर खाली धरून ठेवला. पुढं जात नाहीत, मागं जात नाहीत. धरून उभे.

तू माझ्याकडं बघितलंस. मी तुला बघताना बघितलं.

बाहेर आल्यावर म्हणालास, “मास्तर, रडला का न्हाई? खरं सांगा.”

“एसीचं वारं लागलं डोळ्याला.”

“दोनीबी डोळ्यास्नी?”

एसटी तासगावला पोचेपर्यंत मी तुझ्याशी बोललो नाही. तू मात्र कवठ्यापर्यंत तोंडानं तोच हॉर्न वाजवत होतास, आणि शेजारची बाई तुझ्याकडं बघून पदर सावरत होती.

त्यानंतर तुला खूळ लागलं. तो तुकडा आपल्या बँडवर बसवायचा. मोबाइलवर शंभरदा ऐकून तू सगळ्यांचे कागद लिहिलेस. मराठीत, सा रे ग म, घरं आखून. ट्रम्पेटचा निराळा, बासचा निराळा, ड्रमचा निराळा. हॉर्नची चाल क्लॅरोनेटला दिलीस. माझा कागद माझ्या हातात ठेवलास तेव्हा तोंड असं केलं होतंस, जसं देवाला नारळ देतोयस.

मी बघितला. मधोमध सोळा घरं रिकामी. नुसत्या फुल्या.

“ह्ये काय?”

“तितं तुमी थांबायचं.”

“थांबायचं? मी?”

“सोळा मोजायचं. बाकीची धरत्यात तुमास्नी. मग पुन्ना घ्यायचं.”

दत्तू, तीस वर्षं माझ्या बँडात काढून तुला एवढी अक्कल आली नाही? ट्रम्पेट थांबला तर चालतो, बास थांबला तर कुणाला कळत नाही, खुळखुळेवाला तर थांबलेलाच बरा. पण क्लॅरोनेट थांबला की वरात थांबते. नाचणारे हात वर करून उभे राहतात, घोडं बुजतं, नवऱ्याचा मामा शिव्या देतो. दम घ्यायचा तो सुद्धा गालात हवा धरून घ्यायचा, सूर तुटता कामा नये. बापानं मला एवढंच शिकवलं: मेलास तरी थांबू नको. आणि तू कागद करून आणलास, मास्तरनं गप उभं राहायचं म्हणून.

“माझ्या बँडात ह्ये वाजणार न्हाई,” म्हणालो आणि कागद तुझ्या अंगावर टाकला. तू वाकून उचललास. गुडघे दुखत होते तुझे तेव्हा, ते मला दिसलं.

आता फलटणचं लिहितो. त्याशिवाय हे पुढं जात नाही.

वाचणाऱ्याला माहीत नसेल, म्हणून सांगतो. बँडवाल्यांत मी एक नियम केला होता. कामावर गेल्यावर सगळ्यांचे फोन दत्तूच्या पिशवीत. आणि अक्षता पडेपर्यंत कुणाच्याही घरची वाईट बातमी आली तर त्याला सांगायची नाही. दुसऱ्याच्या मांडवात आपलं रडं न्यायचं नाही. आमचा ट्रम्पेटवाला महादू, त्याचा बाप गेला तेव्हा मी स्वतः तीन तास बातमी खिशात ठेवली होती आणि त्याच्याकडून नागीण वाजवून घेतली होती. वर चार गावांत सांगत फिरलो, शिस्त असावी तर अशी.

अकरा वर्षांमागं फलटणला एका ऊसवाल्याचं लग्न. परण्या निघालेला, नवरा घोड्यावरनं मांडवाकडं, मी पुढं. दहा वाजता माझ्या लेकीचा, सुनंदाचा फोन तुझ्या पिशवीत वाजला. आईला झटका आलाय, आबांना लगेच पाठवा. तू युफोनियम खाली ठेवून बाजूला गेलास आणि परत येऊन वाजवायला लागलास. मला ते दिसलं होतं. मला वाटलं, लघवीला गेला असेल. अक्षता एक वाजता पडल्या. तेव्हा तू मला मांडवामागं नेलंस आणि सांगितलंस.

माझी हौसा तीन वाजता गेली. मी साडेचारला पोचलो. दहाला निघालो असतो तर दोनच्या आत घरात असतो. एवढं गणित चौथीवाल्याला येतं.

तुझ्या अंगावर मी धावून गेलो होतो, मसणवट्यातच. चार जणांनी धरलं. त्यानंतर तुला बँडातून काढलं नाही, कारण दुसरा युफोनियम नव्हता. निदान मी तसं सगळ्यांना सांगितलं. पण तो विषय तू परत काढू पाहिलास की मी उठून जायचो. दहा वेळा काढलास. दहा वेळा उठलो. नियम कुणाचा होता, हे मी तुला कधी विचारू दिलं नाही. तूही विचारलं नाहीस. विचारलं असतंस तर मला तुझा एवढा तिटकारा करता आला नसता, आणि तुझा तिटकारा हा मला मोठा आधार होता. सुनंदाला मी काही म्हणजे काही विचारलं नाही. कुणी तिच्या आईचं नाव काढलं की मी तुला शिव्या द्यायला सुरुवात करायचो, म्हणजे ते तिथंच संपायचं.

मिरजेच्या दवाखान्यात तुला शेवटचं बघितलं. नाकात नळ्या. एवढा पितळी डबा पोटाशी धरून चार-चार तास फुंकणारा माणूस, पाण्याच्या पेल्यावर फुंकर घालायला सुद्धा दम नव्हता.

“मास्तर,” म्हणालास, “आता तरी सांगा. थेटरात…”

“एसी.”

हसलास, त्याचा खोकला झाला. नर्स येऊन माझ्यावर डाफरली. ती गेल्यावर तू म्हणालास, “त्या दिवशी तुमास्नी थांबवाय पायजे हुतं मी. फलटणला.”

मी उठलो. अकराव्यांदा. दारापर्यंत गेल्यावर तू मागून म्हणालास, “कागद घरात शालनकडं हायती.” मी मागं बघितलं नाही. चार दिवसांनी तू गेलास.

तुझ्या दारात बँड घेऊन आलो तो ठरवून आलो होतो, नेहमीची भजनं वाजवायची आणि घाटावर पोचवायचं. शालन वहिनी बाहेर आल्या. हातात तो कागदांचा गठ्ठा, वर सुतळी.

“भावजी, ह्यांनी सांगून ठेवलंय. ह्ये वाजवा.”

“वहिनी, आमच्याकडं असलं वाजत न्हाई.”

त्या रडत नव्हत्या. सरळ माझ्याकडं बघून म्हणाल्या, “तुमच्याकडं काय वाजतं त्ये मला ठावं हाय. फलटणला वाजत हुतं की. अकरा वरसं ह्यांनी जेवताना सुदिक त्येच आयकलं.”

सगळी गल्ली ऐकत होती. मी हात पुढं केला.

कागद वाटायला लागलो तर एकानंही घेतला नाही. महादू खाली बघत म्हणाला, “आमास्नी पाठ हाय, मास्तर.” दोन वर्षं तुम्ही सगळे बेदाण्याच्या शेडात जमून तालीम करत होता, माझ्यामागं! माझी माणसं, माझी वाद्यं. खुळखुळेवाल्याला सुद्धा माहीत होतं. फक्त क्लॅरोनेटची जागा मोकळी ठेवून तुम्ही बसवलं होतं सगळं. हरामखोर आहेस तू दत्तू, मेल्यावर सुद्धा.

महादूला माझ्या पुढं घेतला, माझा कागद त्याच्या पाठीवर शर्टाला टाचणीनं लावला आणि तुला उचलल्यावर आम्ही निघालो. मी चाल घेतली. एकटा. मग खालून बास आला, मग ट्रम्पेट. बारा माणसं, त्यातल्या चौघांचे दात पडलेले, आणि युफोनियमची जागा रिकामी. शंभरांची सर येणार कुठून? फाटक्या चादरीसारखं वाजत होतं. तरी चालत होतं.

आणि फुल्या आल्या.

मी थांबलो नाही. हाताला सवयच नाही. रिकाम्या घरात वाजवत गेलो, दोन घरं, तीन घरं, आणि मला स्वतःला ऐकू आलं, किती ओंगळ वाजतंय. सगळे एक सूर धरून उभे आहेत, आणि मी एकटा त्यांच्या अंगावरून पळतोय. कुणी माझ्याकडं बघत नव्हतं. सगळे वाट बघत होते.

तोंडातून क्लॅरोनेट काढला.

दत्तू, साठ वर्षं मी बँडच्या पुढं चाललो आणि माझा बँड कधी ऐकलाच नव्हता. मी वाजवत असायचो. तो सूर मागून आला, पाठीला लागला, जसा भिंतीचा आधार लागतो तसा. तिरडी धरणारे पण थांबले. मागून कुणी तरी नवखा ओरडला, “आवं वाजवा की, मास्तर!” त्याला कुणी तरी गप केलं.

मी मोजायला लागलो. सात-आठपर्यंत मोजलं असेल. पुढं मोजता आलं नाही. हौसा गेली त्या दिवशी ह्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं, सगळ्या गावानं बघितलंय. सगळ्या गावानं हेही बघितलं. भर रस्त्यात, मुलाणी गल्लीच्या तोंडाला, गळ्यात मास्तरचा पट्टा घालून.

सोळा संपली. मी घेतलं नाही. घेता आलं नाही. महादूनं मान तिरकी करून एकदा बघितलं आणि पुन्हा एकपासून धरलं. बाकीच्यांनी पण. ते तू कागदावर लिहिलेलं नव्हतं. दुसरी सोळा संपली, तिसरी धरली. ज्याच्या बापाची बातमी मी खिशात ठेवली होती, तो माणूस गाल फुगवून, शिरा ताणून, मला धरून उभा होता. मग मी चाल घेतली आणि तुला घाटावर पोचवलं.

तेव्हा ऐक. आता तू विचारायचा नाहीस, म्हणून सांगतो. एसी नव्हता. थेटरात मी रडलो. ती पेटी लहान होत होती, काचेआड सगळी जमली होती, आणि माझ्या मनात एवढंच आलं, की ह्या म्हाताऱ्याला बघायला निदान सगळी होती. तुझा सिनेमा तरी भंगारच आहे. हंडेवाली माणसं, खोटं जहाज. पोकळीत बँड कुणी वाजवला ह्याचं उत्तर तू अजून दिलेलं नाहीस, आणि शंभर माणसं लावून रडवणं ह्यात मर्दुमकी नाही ह्या मतावर मी आहे. पण सोळा घरं मोकळी ठेवायला छाती लागते. माझा अपमान करायला तू ती ठेवलीस असं मी समजत होतो. दरवेळी उठून जाणाऱ्या माणसाला तू दुसरं कसं सांगणार होतास?

आणि नियम तुझा नव्हता. माझा होता. तू हवालदार माणूस, दिलेला हुकूम पाळलास. हे मी सगळ्या तासगावासमोर लिहून देतो. सही पण करतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या एसटीनं विट्याला गेलो, सुनंदाकडं. ती चुलीशी… चूल कसली, गॅस. भाकरी थापत होती. मला दारात बघून तिचा हात तसाच पिठात राहिला.

“आबा? एवढ्या सकाळी? कोण गेलं?”

“कोण न्हाई. आता कोण न्हाई गेलं.”

“मग?”

“तुझी आई,” म्हणालो. “दहा वाजल्यापास्नं तीन वाजेपातूर. काय बोलली, कुटं निजली हुती, पाणी कुणी पाजलं. समदं सांग. मी उठणार न्हाई.”

तिनं तव्यावरची भाकरी काढली. गॅस बंद केला. हात धुतले आणि माझ्यासमोर जमिनीवर बसली. पदराला हात पुसत राहिली. मी मांडी घातली.

मग तिनं दहापासून सुरुवात केली.